एकट्या स्त्रीलाही मूल दत्तक घेता येते
चाळीसगावच्या ४३ वर्षांच्या अविवाहित ताईंनी मूल दत्तक घेता येईल का असे विचारले, तेव्हा त्यांना ‘नवरा नसेल तर मूल मिळत नाही’ असे सांगितले गेले, ते चुकीचे आहे. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी घेता येत नाही. खरी अडचण वयाची आहे, कारण एकट्या पालकासाठी २ वर्षांपर्यंतच्या बाळाकरिता ४०, २ ते ४ वर्षांकरिता ४५ आणि ४ ते ८ वर्षांकरिता ५० अशी कमाल मर्यादा असून, मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. त्यामुळे ताईंना तान्हे बाळ मिळणार नाही, पण तीन वर्षांचे मूल नक्की मिळू शकते. आपल्या खानदेशात अजूनही दत्तक म्हटले की भावाचा मुलगाच डोळ्यांसमोर येतो, म्हणून हे सविस्तर लिहिले. ताई, ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील नोंदणी पुढे ढकलू नका.