पाऊस उघडल्यावरही छत्रीला सिग्नल येत नाही

प्रश्न (सातारा, बोगद्याजवळ)
आमचे घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. किल्ल्यावरच्या टॉवरकडे तोंड करून वडिलांनी गच्चीवर बसवलेला ॲल्युमिनियमचा ॲंटेना अजून उभा आहे. ते प्रक्षेपण बंद झाल्यापासून आम्ही डीडी फ्री डिशची छत्री वापरतो. पावसाळा लागल्यापासून सह्याद्री वाहिनीचे चित्र चौकोन होऊन थांबते आणि सर ओसरल्यावरही तासन्‌तास परत येत नाही, त्यामुळे आईच्या बातम्या रोज चुकतात. छत्री किल्ल्याच्याच दिशेला असल्याने डोंगर आड येत असेल का? जुन्या ॲंटेनाचा काही उपयोग होईल का?

उत्तर (कराड)
डोंगराची शंका मनातून काढावी. फ्री डिशचे प्रक्षेपण जिथून येते तो जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे साताऱ्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश उंच येतो. आपली छत्री ऑफसेट प्रकारची असल्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते, आणि म्हणूनच ती किल्ल्याकडे रोखल्यासारखी वाटते. आड येतेच तर जवळचे झाड. पावसाळ्यात वाढलेली फांदी अवश्य पाहावी. जुना ॲंटेना उपग्रहाच्या लहरींसाठी बनलेलाच नाही.

उत्तर (सांगली)
सर कोसळत असताना चित्र जाणे समजू शकते, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या कू-बँडच्या (अतिउच्च वारंवारतेच्या) लहरींना पावसाचे थेंब शोषून घेतात आणि विखरून टाकतात. सर ओसरल्यावरही चित्र येत नसेल, तर माझ्या मते पाणी केबलच्या जोडात शिरले आहे. सेट टॉप बॉक्स बंद करून एलएनबीचा (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेल्या, लहरी पकडणाऱ्या भागाचा) कनेक्टर सोडवा. मधल्या तारेवर हिरवट थर असेल, तर केबल स्वच्छ धातू दिसेपर्यंत कापून नवा कनेक्टर लावा, त्यावर रबर टेप घट्ट गुंडाळा आणि पाणी जोडाकडे न जाता खालीच ठिबकावे म्हणून केबलला तिथे एक सैल वळसा द्या. त्यानंतर छत्री अगदी थोडी थोडी हलवताना सेट टॉप बॉक्स टीव्हीवर दाखवतो त्या सिग्नलच्या आकड्यांपैकी ‘स्ट्रेंथ’ नव्हे, ‘क्वालिटी’चा आकडा पाहावा.

प्रश्नकर्ता
तार खरोखरच हिरवी पडली होती. कनेक्टर बदलल्यावर क्वालिटी २८ वरून ६६ झाली. मुसळधार सरीत मात्र चित्र अजूनही जाते.

उत्तर (सांगली)
त्यासाठी ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री घ्यावी. तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट भरते. अतिवृष्टीत तीही काही मिनिटे हरेल, हे आईंना आधीच सांगून ठेवावे.