सोलापूरच्या रस्त्यांवर ट्यूब्युलर टायर लावावेत का?

होटगीरोडकर:
सायकलची वापरलेली, पण सरळ आणि कुठेही तडा नसलेली कार्बनची ट्यूब्युलर व्हील्स मला चांगल्या भावात मिळताहेत. ग्रुपमध्ये जो तो म्हणतो, "सोलापुरात ट्यूब्युलर? नादाला लागू नको." मला हे पटत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: यात ट्यूब टायरच्या आत शिवलेली असते आणि तो अख्खा टायर रिमवर ग्लूने किंवा टेपने चिकटवतात. हवेचा दाब टायरचं कापडच पेलतं. क्लिंचरच्या, म्हणजे वेगळी ट्यूब घालायच्या नेहमीच्या टायरच्या, रिमला टायरची कड धरायला भिंती लागतात, त्याही दाब सोसतील इतक्या मजबूत. इथे त्या भिंतीच नाहीत, त्यामुळे वजन वाचतं ते नेमकं चाकाच्या कडेचं. तुळजापूरच्या घाटात उभं राहून पेडल मारताना हा फरक पायाला कळतो. शिवाय खड्ड्याच्या काठावर आपटून ट्यूब चिमटायचा प्रकार फार कमी. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नीट चिकटवलेला टायर हवा गेली तरी रिम सोडत नाही. उतारावर पुढचं चाक बसलं तर सावरायला वेळ मिळतो.

माळरान:
दादा, आपल्याकडे खड्ड्याने पंक्चर होतंच किती? आपलं पंक्चर म्हणजे सराटे आणि बाभळीचा काटा. पाऊस सरला की साइडपट्टीवर सराट्याचे वेल पसरतात. उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला जरा डांबर सोडलं की टायरला चार काटे चिकटलेच. क्लिंचर असेल तर दहा मिनिटांत ट्यूब बदलून पुढे निघता येतं. ट्यूब्युलर मात्र रिमवरून सोलून काढायचा, तळाची पट्टी उचकटायची, टाके उसवायचे, ट्यूब ओढून पॅच लावायचा, मग जुन्याच भोकांतून परत टाके घालायचे. त्यात सुई ट्यूबला लागली की पुन्हा पहिल्यापासून. कोणता पंक्चरवाला हे करून देणार?

होटगीरोडकर:
व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे आतली खिट्टी, निघत असेल तर ट्यूब्युलरमध्येही सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, घालता येतं. सराट्याचं भोक बारीक असतं, ते बुजतं. नाहीच बुजलं तर सीटखाली स्पेअर आहेच.

माळरान:
स्पेअर एकच ना? तोही रस्त्यात लावला की जुन्या ग्लूच्या चिकटपणावरच राहतो, वळणावर जीव मुठीत धरून जायचं. अक्कलकोटहून घर चाळीसेक किलोमीटर. वाटेत दुसरा काटा लागला की फोन करून गाडी मागवायची.

विजापूरवेस:
माझा आक्षेप उन्हाचा आहे. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये गॅप गावाकडे उतरताना स्पेनचा सायकलपटू होसेबा बेलोकी पडला, तो प्रसंग आठवा. उन्हाने डांबर मऊ झालेलं, मागचं चाक लॉक झालं आणि ट्यूब्युलर रिमवरून सुटला. मांडीचं हाड, कोपर, मनगट मोडलं. मागून येणाऱ्या आर्मस्ट्राँगने सायकल थेट शेतात घातली म्हणून तो वाचला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. तापला की ग्लू मऊ पडतो. बंद गाडीत व्हील्स ठेवून दुपारभर उन्हात उभी केली तर त्या ग्लूवर मी विश्वास ठेवणार नाही.

होटगीरोडकर:
बेलोकीचं चाक आधी लॉक झालं, हे विसरू नका. रिम खरी तापते ती लांब उतारावर सतत ब्रेक धरल्याने, आणि तुळजापूरचा घाट तेवढा लांब नाही. टायर निसटायचा धोका काय फक्त ग्लूलाच आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा थॉमस डी गेन्ट पडला, तेव्हा त्याचा ट्यूबलेस टायर हुकलेस, म्हणजे टायरची कड अडकवायला आत हुक नसलेल्या, रिमवरून निघाला होता. तिथे ग्लूचा थेंबही नव्हता.

ट्रॅकवाली:
दोघांनाही सांगते, मी सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर ट्यूब्युलरच वापरते आणि तिथे ते सोडणार नाही. लाकडी किंवा सिमेंटच्या स्वच्छ ट्रॅकवर काटे नसतात, आणि भरपूर दाब लागतो. रस्त्याचं गणित वेगळं आहे. चिकटवण्यात थोडी ढिलाई झाली तर टायर ग्लूच्या थरावर सूक्ष्म हलत राहतो आणि त्यात ताकद वाया जाते. चांगला क्लिंचर लेटेक्स (पातळ, लवचिक रबराच्या) ट्यूबवर, किंवा ट्यूबलेस, त्याच्यापेक्षा सहज पळतो. प्रो टीम उगीच ट्यूबलेसकडे वळल्या नाहीत.

होटगीरोडकर, घेणारच असाल तर जुन्या ग्लूवर एक दिवसही चालवू नका. टायर आधी कोरड्या रिमवर ताणून ठेवा. रिमला आणि तळपट्टीला ग्लूचे पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, शेवटच्या हातावर टायर बसवून एक दिवस-रात्र राहू द्या. मग हवा काढून अंगठ्याने टायर बाजूला रेटून बघा, पूर्ण फेरी. एका ठिकाणी जरी फट दिसली तरी तो टायर पुन्हा काढायचा. एवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर माळरान म्हणतात तेच खरं.

होटगीरोडकर:
वेळ देईन, ताई. रोजच्या राइडला माझे क्लिंचर आहेतच, ही व्हील्स घाटासाठी आणि शर्यतीसाठी. विजापूरवेसचं एवढं मानतो की मेमध्ये ती घरातच राहतील.

माळरान:
मग शर्यतीला स्पेअर दोन ठेव, आणि दोन्हीच्या तळपट्टीला आधीच ग्लू लावून वाळवून ठेव.