मदत हवी आहे (तातडीचं): मंडळाला ७५ हजारांची देणगी मिळतेय, पण कागद अडलेत

येरळाकाठ (११ मार्च, रात्री ११.४०)

नमस्कार. पुण्यातल्या एका धर्मादाय ट्रस्टने आमच्या मंडळाला ७५ हजार द्यायचं कबूल केलंय. अभ्यासिकेसाठी टेबलं, खुर्च्या, लाइट, इन्व्हर्टर, आणि उरलेच तर कबड्डीच्या मॅटला. काल तिथल्या मॅडमची मेल आली की नोंदणीचे अद्ययावत कागद २५ मार्चपर्यंत पाठवा, नाहीतर यंदाचं विसरा. आमच्याकडं सर्टिफिकेट आहे, ते पाठवलं. म्हणतात हे चालणार नाही. मग काय चालेल? कुणी अशी देणगी घेतलीय का? फक्त कागदांची यादी द्या. लवकर सांगा, पोरं रोज विचारतायत.

खडूस_सीए (१२ मार्च, सकाळी ७.१५)

कसलं सर्टिफिकेट? १८६० च्या सोसायटी कायद्याचं, धर्मादाय आयुक्तांकडचं, की दोन्ही? नंबर एफ ने सुरू होतो की ई ने? पॅन मंडळाच्या नावावर आहे का? आयकर खात्याची १२ए, ८०जी नोंदणी? शेवटचं ऑडिट कुठल्या वर्षाचं? एवढं कळल्याशिवाय यादी कसली देणार?

पारावरचा (सकाळी ८.०२)

अहो सोपं आहे. धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क खाली परवानगी काढा, ऑनलाइन होते. आम्ही गणपतीत दरवर्षी काढतो. वर्गणी, देणगी सगळं चालतं.

खडूस_सीए (सकाळी ८.१०)

ती परवानगी नोंदणी नसलेल्या मंडळांना उत्सवापुरती वर्गणी गोळा करायला असते. यांच्याकडे नोंदणी आहे असं ते म्हणतायत. त्याचा इथे काय संबंध?

पारावरचा (सकाळी ८.१४)

संबंध असा की काम होतं.

येरळाकाठ (दुपारी १.३०)

शेतात होतो, आत्ता बघितलं. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलंय, त्यावर २००४ साल आहे. एफ ने सुरू होतो नंबर. पॅन आहे. १२ए म्हणजे काय ते माहीत नाही. ऑडिट सरपंचांचा भाऊ करायचा, तो वारला. आता बोला.

मधुमालती (दुपारी १.५५)

अभ्यासिकेची कल्पना फार आवडली. आमच्या वाड्यातल्या मुलांसाठी मी पण चालवायचे. एक सांगते, ट्यूबलाइट पांढरी नका लावू, डोळ्यांना त्रास होतो. आणि मोबाइल ठेवायला दाराशी खोके करा.

सातबारा (दुपारी २.२०)

येरळाकाठ, २००४ चे विश्वस्त कोण आणि आत्ताचे कोण? तेच आहेत का?

येरळाकाठ (दुपारी २.४०)

नाही ओ. तेव्हाचे ११ जण. चौघे वारले, तिघे मुंबईला. आत्ता आम्हीच पोरं बघतो सगळं. मी सचिव आहे. गावात विचारा कुणालाही.

खडूस_सीए (दुपारी ३.०५)

हे पहिल्याच पोस्टीत का नाही लिहिलंत? सगळी गोम इथेच आहे.

त्यांना हवाय तो शेड्यूल १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदणी पुस्तकाचा उतारा, चालू तारखेचा. त्यावर विश्वस्त म्हणून ज्यांची नावं, तेच कागदोपत्री विश्वस्त. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव असलं की बँक नातवाला पीककर्ज देत नाही, तसंच. गावाने तुम्हाला सचिव मानलं तरी उताऱ्यावर तुम्ही नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे. तुम्ही २० वर्षांत एकदाही दिलेला दिसत नाही.

आता उशीर माफीचा अर्ज, सभेची नोटीस, ठराव, हजेरी, वारलेल्यांचे मृत्यू दाखले, सोडून गेलेल्यांचे राजीनामे, नव्यांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बदलाची तात्पुरती नोंद १५ कामाच्या दिवसांत करायची तरतूद आहे खरी. पण आज १२ मार्च. तुमच्याकडे अजून ठरावही नाही. हे २५ पर्यंत होत नाही, उगाच जिल्ह्याला खेपा मारू नका. आणि कामाला मात्र आजपासूनच लागा.

येरळाकाठ (दुपारी ३.२०)

ठराव बुक जुन्या अध्यक्षांच्या घरी आहे. त्यांचा मुलगा देत नाही. म्हणतो वडिलांनी उभं केलेलं मंडळ आहे.

पारावरचा (दुपारी ३.३१)

मग एक करा. तुमच्या इथली एखादी शिक्षण संस्था असेलच, तिच्या नावावर पैसे घ्या. १२ए, ८०जी सगळं असतं त्यांच्याकडं. पाच टक्के त्यांना सोडायचे, बाकीचे तुम्हाला. सगळे करतात.

सातबारा (दुपारी ३.४०)

सगळे करतात आणि मग चौकशीला सगळे बाहेरगावी जातात.

लाल_शाई (संध्याकाळी ६.१०)

मी नऊ वर्षं अशाच एका देणगी देणाऱ्या ट्रस्टच्या कार्यालयात अर्ज वाचलेत, म्हणून पलीकडच्या टेबलावरून सांगते.

पाच टक्क्यांचा तो उद्योग अजिबात करू नका. पैसे देणारी संस्था उपयोगिता प्रमाणपत्र आणि बिलं मागणार. बिल मंडळाच्या नावाचं, पैसे शाळेच्या खात्यात, सही तिसऱ्याचीच. एकदा असं सापडलं की ते नाव आमच्या वहीत लाल शाईने जायचं, कायमचं.

मॅडम मुद्दाम अडवतायत असं समजू नका. ट्रस्टला आपल्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्या वर्षात धर्मादाय कामावर खर्च झाल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर करमाफीला धक्का. म्हणून मार्चमध्ये आमच्याकडे छोट्या देणग्यांची धांदल असायची. ५० हजार, ७५ हजार अशा रकमा याच दिवसांत सुटतात. मोठ्या संस्थांना त्या पुरत नाहीत आणि छोट्या मंडळांकडे कागद नसतात, म्हणून पडून राहतात.

आता कामाचं. २०२३ च्या अर्थसंकल्पापासून एका ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला देणगी दिली तर तिचा ८५ टक्केच भाग खर्च म्हणून धरतात. तुमच्यासारख्या १२ए, म्हणजे करमाफीची नोंदणी, नसलेल्या मंडळाला रोख मदत देणं तर त्यांच्या ऑडिटरला आणखीच नको असतं. पण त्यांनी स्वतः टेबल-खुर्च्या विकत घेऊन गावातल्या मुलांच्या वापराला दिल्या, तर तो त्यांचा सरळ खर्च होतो. पूर्ण. तेव्हा पैसे मागूच नका, वस्तू मागा. दुकानदाराचं कोटेशन पाठवा, बिल ट्रस्टच्या नावाने, पैसे त्यांच्याकडून थेट दुकानदाराला. जागा कुणाची आहे?

येरळाकाठ (संध्याकाळी ६.२५)

जागा ग्रामपंचायतीची. जुनी तालीम. खाली कबड्डीचं ग्राउंड, वर हॉल रिकामा. सध्या पोरं देवळाच्या ओवरीत अभ्यास करतात, पावणेदहाला पुजारी कुलूप लावतो.

लाल_शाई (संध्याकाळी ६.३२)

मग वस्तू ग्रामपंचायतीच्या जडसंग्रह (टिकाऊ सामानाच्या) नोंदवहीत लावून घ्या आणि वापराचं पत्र मंडळाच्या नावाने मागा. ट्रस्टला ग्रामपंचायतीची पोच पावती मिळाली की त्यांचं काम झालं. तुमचा फेरफार नंतर सावकाश होऊ दे.

खडूस_सीए (संध्याकाळी ६.५०)

पटलं. फक्त पोच देताना "देणगी मिळाली" असं लिहू नका, "वस्तू मिळाल्या" लिहा, नगसंख्येसह.

न्यूजर्सीकर (संध्याकाळी ७.१५)

वाचून वाईट वाटलं. ७५ हजार म्हणजे आमच्याकडे हजार डॉलरच्या आतच. मी आणि दोन मित्र मिळून पाठवतो, कागदांची कटकट कशाला? मंडळाचा खाते क्रमांक द्या.

खडूस_सीए (संध्याकाळी ७.२०)

देऊ नका! साहेब, तुमचा पासपोर्ट कुठला?

न्यूजर्सीकर (संध्याकाळी ७.२८)

अमेरिकन. पण ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) आहे. का?

खडूस_सीए (संध्याकाळी ७.४०)

ओसीआय असलात तरी कायद्याच्या भाषेत तुम्ही विदेशी स्रोत. एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खाली नोंदणी किंवा आधी घेतलेली परवानगी नसताना मंडळाने तुमचा एक डॉलरही घ्यायचा नाही. आणि नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेला दाखवावा लागतो. या मंडळाचा चहाचा खर्च धरला तरी होणार नाही. भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिले तर चालतं.

न्यूजर्सीकर (संध्याकाळी ७.५१)

माझ्याच तालुक्यातल्या पोरांसाठी मी विदेशी? कमाल आहे. आणि राजकीय पक्षांना मात्र

सातबारा (संध्याकाळी ७.५५)

नको, तिकडे नको. धागा उडेल.

मॅटवरची_माती (रात्री ९.०५)

अभ्यासिकेचं झालं, कबड्डीचं कोण बघणार? मॅट ७५ हजारांत उरलेल्या पैशातून येईल असं वाटतं तुम्हाला? पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, १३० चौरस मीटर झालं. एकदा कोटेशन तर घ्या. आमच्या मंडळाला २०१४ ला नेहरू युवा केंद्राकडून खेळाचं साहित्य मिळालं होतं, आता ते मेरा युवा भारतच्या पोर्टलवर गेलंय. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे व्यायामशाळा विकासाचं अनुदान असतं, तुमची तालीम त्यात बसेल. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या, यादीतही आहे. तुमच्या भागात साखर कारखाने आहेत, सूतगिरण्या आहेत. विचारा की.

खडूस_सीए (रात्री ९.३०)

सीएसआरला १२ए आणि ८०जी, वर तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि सीएसआर-१ फॉर्मचा नंबर. २०२१ पासून त्याशिवाय कंपनी दारात उभं करत नाही. यांना उतारा नाही, तुम्ही गाडी कुठे नेताय?

मॅटवरची_माती (रात्री ९.३४)

सीए लोकांना प्रत्येक गोष्टीत "होणार नाही" एवढंच म्हणता येतं.

खडूस_सीए (रात्री ९.३६)

फी त्याचीच घेतो.

मधुमालती (रात्री ९.५०)

मुली येतात का अभ्यासाला? कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते.

येरळाकाठ (रात्री १०.१०)

ताई, ओवरीत नाही येत. घरचे पाठवत नाहीत रात्री. तालमीत पण येतील का माहीत नाही, तिथं वरचा जिना बाहेरून आहे आणि अंधार असतो.

सातबारा (रात्री १०.२५)

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात. मी सदस्य होतो पाच वर्षं, हे पैसे बऱ्याच ठिकाणी शिलाई मशीन आणि सतरंज्यांत जातात. जिन्यावरचा दिवा, मुलींसाठी वेगळी वेळ आणि खाली संडास, एवढं त्यात मागा. ग्रामसेवकाला लेखी द्या, तोंडी नको, आणि पोच घ्या.

पारावरचा (रात्री १०.४०)

गणपतीत डॉल्बीला दीड लाख गोळा होतात आणि अभ्यासिकेला पुण्याकडं हात पसरायचे. मी काही बोलत नाही.

येरळाकाठ (रात्री १०.४४)

दीड नाही, नव्वद हजार. आणि मी विरोध केला होता.

येरळाकाठ (२१ मार्च, रात्री ९.१५)

अपडेट देतोय, उशीर झाला. लाल_शाई म्हणाल्या तसं मॅडमना फोन केला. वस्तू द्यायला लगेच तयार झाल्या, म्हणाल्या हे आधी का नाही सुचवलं. पण ७५ चे ६० केले, इन्व्हर्टर काढून टाकला. बारा टेबलं, चोवीस खुर्च्या, लाइट. विट्याच्या दुकानदाराला पैसे थेट जमा झालेत. टेम्पो परवा येतोय. ग्रामसेवक नोंदवहीत लावायला तयार आहे, जिन्याच्या दिव्याचा अर्ज पण दिला. मॅटचं कोटेशन आलं ते इथं लिहीत नाही, मॅटवरची_माती हसतील.

खुर्च्यांवर ट्रस्टचं नाव रंगवायचं का? मॅडम काही बोलल्या नाहीत, पण सरपंच म्हणतात ग्रामपंचायतीचं टाका आणि पोरं म्हणतात मंडळाचं.

लाल_शाई (रात्री ९.३०)

कुणाचंच नको. खालच्या बाजूला नोंदवहीचा अनुक्रमांक टाका. फोटो मात्र मुलं अभ्यास करतानाचे पाठवा, फीत कापतानाचे नको.

खडूस_सीए (रात्री ९.४२)

ठराव बुकाचं काय झालं?

येरळाकाठ (रात्री ९.५०)

त्याच्या आईला भेटलो. म्हणाली टेबलं येऊ देत, बघायला येते, येताना बुक घेऊन येते.