बेससाठी फझ पेडल सुचवा (बजेट १२ हजार, बँडमध्ये ऐकू यायला हवा)

खर्जवाला

नमस्कार मंडळी. माझा चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट नसलेला) जॅझ बेस गिटार आहे. दर रविवारी कर्वेनगरच्या एका जॅमरूममध्ये वाजवतो, बँडमध्ये दोन गिटार आणि ड्रम्स. सध्या लीड गिटारवाल्याचा बिग मफ, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं एक फझ पेडल, उसना आणलाय. घरी एकट्याने वाजवला की खिडक्या थरथरतात, शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या की काय नवीन मशीन घेतलं. आणि रविवारी ड्रम्स सुरू झाले की मी गायब! आवाज वाढवला तर वरची गुणगुण तेवढी वाढते, खाली काहीच नाही.

बजेट १२ हजारांपर्यंत, सेकंडहँड चालेल. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा नॅनो बेस बिग मफ, एमएक्सआरचा बेस फझ डिलक्स आणि बॉसचा ओडीबी-३ अशी तीन नावं काढलीत. यूट्यूबवर तिन्ही छानच वाटतात, म्हणून तर इथे विचारतोय. यातलं कुठलं घेऊ, की आणखी काही आहे?

पेठेतला बेस

यूट्यूबवर बेस एकटा वाजतो, तिथे सगळंच छान वाटणार. आधी तू गायब का होतोस ते बघू, मग पेडल आपोआप ठरेल.

फझ सिग्नलची वरची आणि खालची टोकं छाटून लाट जवळजवळ चौकोनी करतो. त्यातून वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर) भरमसाट येतात आणि सगळं एकाच पातळीवर दाबलं जातं, म्हणजे बोटाचा ठोकाही गेला. तुझी जाड ई तार ४१ हर्ट्‌झला वाजते. वर एवढा गोंगाट झाल्यावर त्या ४१ला विचारतो कोण! शिवाय गिटारसाठी केलेल्या बऱ्याच सर्किटांत खालचा भाग मुद्दामच कापलेला असतो. बिग मफची आणखी एक खोड म्हणजे टोन नॉब मध्यावर ठेवला की मधल्या सुरांना, म्हणजे मिड्‌सना मोठा खड्डा पडतो. घरी तोच आवाज भारदस्त वाटतो. पण बँडमध्ये बेसचा सूर कळतो तो मिड्‌समुळे, आणि तुझ्या दोन गिटारवाल्यांनी नेमकी तीच जागा धरलेली आहे.

तेव्हा माझी पहिली अट, पेडलमध्ये क्लीन, म्हणजे फझ न चढलेला मूळ सिग्नल मिसळायची सोय (ब्लेंड) हवी. नॅनो बेस बिग मफला तीन जागांचं स्विच आहे, नॉर्म, बेस बूस्ट आणि ड्राय. ड्रायवर मूळ सिग्नल फझसोबत बाहेर येतो, पण त्याचं प्रमाण ठरवायला वेगळा नॉब नाही. व्हॉल्यूम फिरवून फझ कमी-जास्त करायचा आणि तोल साधायचा. बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. एमएक्सआरला ड्राय (क्लीन) आणि वेट (फझ) असे दोन स्वतंत्र नॉब आहेत. क्लीनची पातळी पेडल बंद असतानाच्या आवाजाशी जुळवून सोडून द्यायची, मग त्यावर हवा तेवढा फझ चढवायचा. पेडल दाबलं की खालचा आवाज हलत नाही, फक्त वर काटे येतात. मला यापेक्षा सरळ रचना माहीत नाही.

ओडीबी-३ला बॅलन्स नॉब आहे, पण तो मुळात ओव्हरड्राइव्ह, म्हणजे फझपेक्षा सौम्य फाटका आवाज. गेन वाढवला की फझच्या अंगाने जातो आणि कर्कश होतो. हायचा ईक्यू (वरच्या सुरांची पातळी ठरवणारा नॉब) तळाला नेल्याशिवाय मला तो ऐकवत नाही. यादीतून काढ.

मुळामुठा

बेहरिंगर एसएफ३०० घे आणि शांत झोप. बॉसच्या जुन्या एफझेड-२ हायपर फझवरून केलेला आहे. तीन मोड, बास आणि ट्रेबलचा वेगळा ईक्यू, आणि बजेटमधले बहुतेक पैसे खिशात राहतात. डूम मेटलवाल्यांचा एफझेड-२वर जीव का आहे ते पहिल्या स्वरातच कळेल.

डबा प्लास्टिकचा आहे, पायाने सांभाळून दाब.

एकच तार

ब्लेंड ब्लेंड करून सगळ्यांचा फझ बेचव झालाय, असं माझं स्पष्ट मत. अर्धा क्लीन, अर्धा फझ म्हणजे दोन बेसवाले एकमेकांकडे न बघता वाजवतायत. आमचा तिघांचा बँड आहे, एकच गिटार. मी ग्रीन रशियन बिग मफ वापरतो, २०१७मध्ये छोट्या डब्यात परत आला तो. ब्लेंड नाही, बूस्ट नाही. सस्टेन (फझ किती चढेल तो नॉब) निम्म्याच्या खाली ठेवतो आणि अँपवर मिड्‌स वाढवतो. खाली भरपूर आवाज आहे. लोक सस्टेन पूर्ण उजवीकडे फिरवतात आणि मग खर्ज गेला म्हणून ओरडतात.

पेठेतला बेस

@एकच तार, तिघांच्या बँडमध्ये तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. तिथे मिड्‌सची जागा मोकळी असते आणि फझने ती भरायचीच असते. याच्याकडे दोन गिटार आहेत.

@मुळामुठा, एसएफ३०० मलाही आवडतो, पण त्यात ब्लेंड नाही. आणि तो सुपर-फझच्या कुळातला, त्यात वरचा सप्तक मिसळलेला असतो. एकेक स्वर वाजवलास तर मजा, दोन तारा एकत्र छेडल्यास की नुसता चिखल.

तरी कोणाला तो घ्यायचाच असेल तर बॉसचं एलएस-२ लाइन सिलेक्टर बघा, ते सिग्नल दोन वाटांनी (लूपनी) नेऊन परत मिसळतं. ए लूपमध्ये फझ, बी लूपमध्ये सेंडपासून रिटर्नपर्यंत साधी पॅच केबल, आणि मोड ए + बी मिक्स. कुठल्याही फझला ब्लेंड मिळतो. एक गोष्ट मात्र तपासायची. काही पेडल सिग्नलचा फेज उलटा करतात, म्हणजे लाटेचं वरचं खाली आणि खालचं वर. अशा वेळी क्लीन आणि फझ एकमेकांना खातात, आणि सगळ्यात आधी खालचाच भाग जातो. जाड ई धरून ठेवा, दोन्ही लूप सारखे वाढवा. दोन्ही मिळून आवाज एकट्या क्लीनपेक्षा पातळ वाटला तर समजा फेज उलटा आहे.

तापकीर गल्ली

कोणीच म्हणत नाहीये म्हणून मी म्हणतो. स्वतः बनव. बिग मफ म्हणजे चार ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि छाटणी करणारे चार डायोड. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा, हे सगळं एका फेरीत मिळतं. दुकानदाराला "पेडलसाठी" म्हणू नकोस, तो सायकलच्या दुकानाचा पत्ता सांगेल. सरळ पार्टचा नंबर सांग, १एन४१४८ दे म्हण. पायाने दाबायचं नऊ पायांचं स्विच आणि अॅल्युमिनियमचा डबा मात्र मी ऑनलाइन मागवतो.

बनवण्याचा खरा फायदा तुझ्याच प्रश्नावर आहे. टोन कंट्रोलमध्ये ३.९ किंवा ४ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर असतो, ट्रेबलच्या वाटेवर. त्याच्या जागी १० नॅनोचा लावला की मिड्‌सचा तो खड्डा बराचसा भरतो. दोन पाय सोडवायचे, दोन जोडायचे. तयार पेडलवरही करता येतं, पण नॅनो डब्यात बारीक एसएमडी पार्ट असतात, तिथे साधी सोल्डरिंग गन घेऊन जाऊ नये. आणि उसन्या पेडलवर तर अजिबात नको, लीडवाल्याशी वैर होईल.

खर्जवाला

बापरे, भरपूर मिळालं. सोल्डरिंग सध्या नको, घरात आधीच काकूंमुळे वातावरण तंग आहे.

तीन शंका आहेत. पुढेमागे ॲक्टिव्ह पाच तारांचा बेस घेणार आहे, तेव्हा हेच पेडल चालेल का? कॅफेतल्या गिगला बऱ्याचदा बेस अँप नसतो, डीआयने (बेस मिक्सरला जोडायच्या डबीने) थेट मिक्सरला जावं लागतं, तिथे फझचं काय करायचं? आणि ट्यूनर आधी की फझ आधी?

डेक्कन डीआय

साउंडवर असतो, मधलं मी सांगतो. मिक्सरला थेट आलेला फझ बेस म्हणजे डबीत कोंडलेली माशी. कारण असं की बेसच्या कॅबिनेटचे १० किंवा १२ इंची स्पीकर वरचा बराचसा आवाज मुळात पुढे जाऊच देत नाहीत. डीआयमध्ये ती गाळणी नसते. त्यामुळे फझच्या नंतर कॅब सिम्युलेटर (कॅबिनेटची ती गाळणी करणारं यंत्र) लाव, नाहीतर साउंडवाल्याला सांग की चॅनेलवर ४–५ किलोहर्ट्‌झच्या वरचं काप. साध्या मिक्सरवर लो-पास नसला तर हाय पूर्ण खाली. हाच नियम जॅमरूममध्येही लाव. कॅबिनेटच्या मागे ट्वीटरचा (वरचा आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरचा) नॉब असतो, फझ वाजवताना तो बंद. तुझी अर्धी गुणगुण तिथूनच येत असणार.

डिलक्स बेस बिग मफला डीआय आउट आणि क्रॉसओव्हर आहे. म्हणजे क्लीनमधला फक्त खालचा भाग आणि फझमधला फक्त वरचा भाग घेता येतो. गिग वाढणार असतील तर सेकंडहँडमध्ये त्याच्यावर लक्ष ठेव. नवा बजेटबाहेर जाईल.

पेठेतला बेस

उरलेल्या दोन शंका.

बिग मफच्या घराण्याला आधी काय आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं. ट्यूनर आधी, फझ नंतर, विषय संपला. फझ फेस जातीचे, म्हणजे १९६६च्या त्या गोल डब्यावरून आलेले दोन ट्रान्झिस्टरवाले, ते मात्र नखरेल. त्यांचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) इतका कमी असतो की बेसचा पिकअप थेट त्यांना जोडलेलाच लागतो. मध्ये बफर (सिग्नल टिकवणारं सर्किट) किंवा ॲक्टिव्ह प्रीअँप आला की आवाज टोकदार होतो आणि बेसचा व्हॉल्यूम कमी करून फझ मऊ करायची गंमत जाते. ॲक्टिव्ह बेस घ्यायचाय ना, मग तिकडे वळूच नकोस. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाले तर त्याहून नको, ते तापमानाप्रमाणे बदलतात. एप्रिलमध्ये भर दुपारी पत्र्याच्या मांडवात त्यांचं काय होईल ते तूच बघ.

पाच तारांत जाड बी ३१ हर्ट्‌झच्या जवळ जाते, तिथे क्लीनची गरज आणखी वाढते. ऑक्टेव्हर (सप्तकभर वर-खालचा सूर जोडणारं पेडल) घेतलास तर तो फझच्या आधी ठेव, त्याला स्वर ओळखायला स्वच्छ सिग्नल लागतो.

एकच तार

थोडं अवांतर. फझचं दुकान मुळात बेसनेच मांडलंय. नॅशव्हिलमध्ये ग्रेडी मार्टिन एका कंट्री गाण्यासाठी सहा तारांचा बेस वाजवत होता, मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि आवाज फाटला. तो तसाच ठेवला, गाणं १९६१मध्ये आलं. तिथल्या ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरने मग तसाच आवाज देणारं सर्किट केलं, ते १९६२मध्ये माएस्ट्रो एफझेड-१ म्हणून बाजारात आलं. तेव्हा गिटारवाल्यांनी "हे आमचं" म्हणायचं काही कारण नाही.

मुळामुठा

हे लीडवाल्याला फॉरवर्ड करतो.

कोथरूड लो-एंड

उशिरा आलोय. माझ्याकडे एमएक्सआर बेस फझ डिलक्स आहे, विकायचा नाही, पण ऐकायला देईन. दुकानातल्या छोट्या अँपवर ऐकून काही ठरवू नकोस, तुमच्या जॅमरूमवर आणतो. नॅनो बेस बिग मफ कोणी आणू शकेल का?

आणखी एक. पॉवरचं बघ. फझ आवाजासोबत घरघरही वाढवतो. एकाच अडॅप्टरवरून माळ लावून पाच पेडल चालवत असशील तर नवा फझ येताच सगळं घूं करायला लागेल. आयसोलेटेड (एकमेकांपासून वेगळे) आउटपुट असलेला सप्लाय घे, नाहीतर फझला वेगळा ९ व्होल्टचा अडॅप्टर दे, मध्यभागी निगेटिव्ह असलेला. बेसला हात लावला की घरघर थांबते असं होत असेल तर शिल्डिंग आणि खोलीचं अर्थिंग आधी तपास, त्यावर पेडल बदलून उपयोग नाही.

खर्जवाला

@कोथरूड लो-एंड, मनापासून धन्यवाद! हात लावला की थांबते, अगदी तसंच. जॅमरूमवाल्याला सॉकेट बघायला सांगतो.

काल उसन्या मफवर सस्टेन निम्म्याखाली आणला आणि कॅबिनेटचा ट्वीटर बंद केला. ड्रमर म्हणाला, "आज आहेस वाटतं." पण दोन्ही गिटार कोरसमध्ये एकदम आल्या की अजून बुडतो, तेव्हा ब्लेंड हवाच. एमएक्सआरकडे कल आहे. मात्र नॅनोचा ड्राय मोड पुरेसा निघाला तर तोच घेईन, उरलेल्या पैशात पॉवर सप्लाय बसतो.

तापकीर गल्ली

नॅनो बेस मफ माझ्या भाच्याकडे आहे, मागून आणतो. सोबत मी बनवलेला १० नॅनोवालाही आणतो, तिन्ही एकामागून एक लावू. वाजवायला तू, ऐकायला आम्ही बाहेरच्या खोलीत. कुठला चालू आहे ते सांगायचं नाही.

खर्जवाला

ठरलं. रविवारी ११ वाजता, दोन तासांचं बुकिंग आहे. दोन्ही गिटारवाल्यांना मुद्दाम बोलावतोय, नेहमीच्याच आवाजात वाजवा म्हणून सांगितलंय. पार्किंग बाहेर गल्लीतच करा, आतल्या काकांना आवडत नाही.