बाईकचं पुढचं चाक बसवल्यावर ब्रेक घासतोय

दादा, पंक्चर काढून चाक परत बसवल्यापासून डिस्क घासते आणि चाक हाताने दोन फेरेपण फिरत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर लगेच कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून दाबणारा ब्रेकचा भाग) खोलू नका. आधी एक्सल (चाकाच्या मधून जाणारा दांडा) बघा. शॉकअपच्या खाली एक्सल पकडणारा छोटा पिंच बोल्ट असेल तर तो ढिला करा, गाडी स्टँडवरून खाली घ्या, पुढचा ब्रेक दाबून धरून हँडल पाच-सहा वेळा जोरात खाली दाबा म्हणजे दोन्ही शॉकअप आपोआप सरळ रेषेत येतात, आणि मगच तो बोल्ट घट्ट करा. माझ्या गाडीला नेमकं हेच झालेलं, मेकॅनिकने तो बोल्ट आधीच आवळला होता, दहा किलोमीटरमध्ये डिस्क इतकी तापली की पाण्याचा थेंब टाकला तर चर्रर्र आवाज.

त्याने फरक नाही पडला तर दोन्ही बाजूचे स्पेसर (चाकाशेजारी एक्सलवर बसणाऱ्या छोट्या नळ्या) अदलाबदल झालेत का आणि स्पीडोमीटरचा गिअर खाचेत बसलाय का बघा.

तरीही जाम असेल तर चाक जाम असतानाच ब्लीड निपल (कॅलिपरवरचा, ब्रेक ऑईल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासा ढिला करा (पाईप लावून, ब्रेक ऑईल पेंटवर पडलं तर पेंट जातो). चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकतंय, म्हणजे मास्टर सिलेंडरचं (हँडलवरच्या ब्रेक लिव्हरजवळच्या पंपाचं) बारीक भोक चोंदलंय किंवा होज (ब्रेक ऑईलचा रबरी पाईप) आतून फुगलाय. नाही झालं तर कॅलिपरमधला ब्रेक पॅड ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिना सुकल्यात, पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

तोवर गाडी चालवू नका प्लीज, तापून पुढचं चाक लॉक होऊ शकतं.