मदत हवी आहे: परीक्षेच्या ताणात बहिणीची पाळी थांबली आहे

मैत्रिणींनो, धाकटी बहीण पुण्यात एमपीएससीची तयारी करतेय. दिवाळीपासून पाळी नाही. रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका, मेसचा डबा अर्धा तसाच परत, वजनही उतरलंय. प्रेग्नन्सी टेस्ट, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, ताणामुळे कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, त्यात पोटात पुरेसं जात नाही. मग मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून पिट्युटरी ग्रंथीला जाणारे संकेत मंदावतात आणि स्त्रीबीजच तयार होत नाही. गोळ्यांनी पाळी येईलही, पण मूळ कारण तसंच राहील, हे मला पटतं. आई मात्र ‘लग्न झालं की होईल सुरळीत’ म्हणते, ते ऐकून ती आणखी खचते.

पूर्वपरीक्षा तोंडावर आहे, अभ्यास सोड म्हणणं शक्य नाही. झोप आणि जेवण सुधारून कुणाची पाळी परत आली का? किती महिने लागले? पाळी बरेच महिने बंद राहिली तर हाडं कमकुवत होऊ शकतात, म्हणून हाडांची तपासणी कुणाला सांगितली होती का?