सांगाड्यावरून काढलेले वय किती भरवशाचे?

जुन्या दफनभूमींच्या अहवालांत पन्नाशीपुढचे सांगाडे क्वचितच दिसतात, म्हणून त्या काळी म्हातारपण जवळजवळ नव्हतेच, असा निष्कर्ष काढला जातो; तो मला घाईचा वाटतो.

मुलांचे वय बरेच नेमके कळते, कारण दात ठरावीक क्रमाने घडतात आणि पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. पुणे जिल्ह्यातील इनामगावला घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेल्या ताम्रपाषाणयुगीन बालकांबाबत म्हणूनच बऱ्याच खात्रीने बोलता येते. वाढत्या हाडांची टोके मधल्या भागाशी जुळण्याची प्रक्रिया तिशीच्या आसपास संपते (गळ्याखालच्या आडव्या हाडाचे छातीकडील टोक सर्वांत शेवटी जुळते) आणि त्यानंतर मोजायची असते ती वाढ नव्हे, तर झीज. जघनास्थींच्या (ओटीपोटाच्या पुढच्या हाडांच्या) सांध्याचा पृष्ठभाग, कवटीचे सांधे, दातांची घासण, यांपैकी काहीही सर्व माणसांत सारख्या गतीने बदलत नाही. भाकरीत जात्याच्या दगडाची कच गेली तरी दात लवकर झिजतात.

लंडनच्या स्पिटलफील्ड्समधील क्राइस्ट चर्चच्या तळघरातून १९८४ ते १९८६ या काळात काढलेल्या अनेक शवपेट्यांवर नाव आणि वय कोरलेले होते, त्यामुळे या पद्धतींची खरी परीक्षा झाली. वृद्धांचे वय प्रत्यक्षापेक्षा कमी आणि तरुणांचे जास्त ठरवले गेले होते. त्यामुळे अहवालात ‘४५ वर्षांपुढील’ असे लिहिलेले असेल, तर ती व्यक्ती पन्नाशीची असू शकते, तशीच ऐंशीचीही.